पहिली एअर रायफल घेताना: कमी पैशांत नेमबाजी सुरू करणाऱ्यांसाठी

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं खेळायचा रायफलचा प्रकार) कांस्यपदक घेतलं, आणि पुढच्या रविवारपासून आमच्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, नवे चेहरे दिसायला लागले. त्यात एक वडील आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी होती. वडिलांच्या हातात नवीकोरी रायफल होती, वर भली मोठी दुर्बीण बसवलेली. दुकानदारानं त्यांना "सगळ्यात पॉवरफुल" म्हणून ती दिली होती. मुलीला तिची नळी खाली वाकवून स्प्रिंग दाबताच येईना. दहा मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, हे मी सांगितलं तेव्हा वडील गप्प झाले. पैसे कष्टाचे होते आणि ते चुकीच्या वस्तूत गेले होते.

त्या दिवसापासून हा लेख डोक्यात आहे. मी रविवारी नवीन मुलांना उभं राहायला शिकवते. "मॅडम, कोणती रायफल घेऊ?" हा प्रश्न दर आठवड्याला येतो. माझं उत्तर दरवेळी तेच असतं: रायफल घ्यायची आहेच, पण सगळ्यात शेवटी. शेवटी का, आणि तोवर काय काय करायचं, ते इथे क्रमानं लिहिते.

आधी कोणता खेळ, ते ठरवा

"स्वप्नीलसारखी रायफल हवी" असं मुलं म्हणतात. स्वप्नीलची रायफल पॉइंट टू टूची, म्हणजे खऱ्या काडतुसाची. तिला शस्त्र परवाना लागतो आणि नवख्याचा तो रस्ता नाही. सुरुवात होते ती दहा मीटर एअर रायफलनं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झाला तो याच प्रकारात. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रानं सुवर्ण जिंकलं तेही याच प्रकारात. हवेच्या दाबावर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो, निशाण दहा मीटरवर असतं, आणि नेमबाज उभ्यानं, कशाचाही आधार न घेता, साठ नेम मारतो. वेळ ७५ मिनिटं. २०१८ पासून मुलं आणि मुली दोघांनाही साठच.

काळ्या वर्तुळाचा व्यास ३०.५ मिलिमीटर. त्याच्या मध्यावरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं. गुण दशांशात मोजतात, म्हणून एका नेमाला जास्तीत जास्त १०.९, आणि साठ नेमांचे ६५४. हे आकडे लक्षात ठेवा, कारण रायफल निवडताना ताकद, वेग, लांब पल्ला यातलं काहीच कामाचं नाही हे त्यावरूनच कळतं. दहा मीटरवर छर्रा दर वेळी त्याच भोकातून गेला पाहिजे, एवढंच मागणं आहे.

"सेमी-ऑटोमॅटिक घेतली तर पटापट सराव होईल का?" असंही कोणी ना कोणी विचारतं. या खेळात एका वेळी एकच छर्रा, तोही हातानं भरायचा. प्रत्येक नेमानंतर रायफल खाली, श्वास, पुन्हा छर्रा. ती संथ लय हाच सराव आहे. मॅगझिनवर, म्हणजे अनेक छर्रे एकदम भरून ठेवायच्या पेटीवर, एक रुपयाही घालवू नका.

तीन महिने क्लबची रायफल

पहिली पायरी म्हणजे जवळची रेंज शोधणं. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल, कोल्हापुरात दुधाळी मैदानाची रेंज, जिथून तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत घडल्या. बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा रायफल संघटना आहे आणि आता कित्येक शाळांमध्ये दहा मीटरची छोटी रेंज असते. कॉलेजातल्या मुलांनी एनसीसीकडे जरूर बघावं. अंजली भागवत या खेळात आल्या त्या एनसीसीतूनच, आणि २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोचल्या.

क्लबमध्ये महिन्याची फी भरली की रायफल तिथलीच मिळते. ती जुनी असेल, दस्त्यावर, म्हणजे खांद्याला लावायच्या भागावर, चरे असतील. चालेल. पहिले तीन महिने तिच्यावरच काढा. या काळात तीन गोष्टी कळतात. मुलाला खरंच गोडी आहे का, हे कळतं. पन्नास मिनिटं एका जागी उभं राहून तेच तेच करणं सगळ्यांना मानवत नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही. दुसरं, मुलाच्या शरीराची ठेवण प्रशिक्षकाला समजते: मान किती लांब, खांदा किती उतरता, कोपर कमरेच्या हाडावर टेकतं की नाही. तिसरं, रेंजवरच्या इतरांच्या रायफली हाताळायला मिळतात. नम्रपणे विचारलं तर नेमबाज मंडळी आपली रायफल दाखवायला नाही म्हणत नाहीत.

जी मुलं महिन्याभरातच रायफल घेऊन येतात त्यांच्यापैकी अनेकांची पुढच्या वर्षी विकायला निघालेली दिसते. या एका कारणासाठी मी तीन महिन्यांचा हट्ट धरते.

डोळा आणि अंग

क्लबमध्ये पहिल्याच दिवशी मुख्य डोळा तपासून घ्या. दोन्ही हात पुढे लांब करा, पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये छोटी त्रिकोणी फट करा आणि त्या फटीतून दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरची एखादी वस्तू पाहा, समजा भिंतीवरचं घड्याळ. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं घड्याळ फटीतच दिसत राहतं, तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हातानं लिहिणाऱ्या काही मुलांचा डावा डोळा मुख्य असतो. अशा वेळी डाव्या खांद्यावर रायफल घ्यायची की डाव्या डोळ्यासमोर आडोसा लावायचा, हे प्रशिक्षक ठरवेल. पण हे ठरायच्या आधी उजव्या हाताची रायफल विकत घेतलीत, तर नंतर दस्ता बदलण्याचा खर्च पदरात पडतो.

मग वजन. स्पर्धेच्या नियमात रायफल साडेपाच किलोपेक्षा जड नसावी. ही वरची मर्यादा आहे. रायफल तेवढी जड असायलाच हवी असं नाही. मोठी माणसं जड रायफल पसंत करतात कारण ती कमी हलते. अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या पाठीला मात्र तेच वजन घातक. ते पेलायला मूल कंबर मागे वाकवतं, आणि तो बाक पुढे वर्षानुवर्षं जात नाही. लहान मुलांसाठी चार किलोच्या आतबाहेरची, आखूड दस्त्याची रायफल बघा. दुकानात साधी परीक्षा घ्या: मुलाला पवित्र्यात उभं करा, रायफल अंगाला लावून अर्धा मिनिट धरायला सांगा आणि तुम्ही बाजूनं पाहा. खांदे मागे जात असतील किंवा मान रायफलीकडे झुकत असेल, तर ती रायफल त्याच्यासाठी नाही, मग किंमत कितीही आकर्षक असो.

दस्त्याच्या लांबीसाठीही एक ढोबळ माप आहे. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं मागचं टोक कोपराच्या खोबणीत ठेवा. बोट ट्रिगरपर्यंत आरामात पोचलं पाहिजे. बोट ताणावं लागत असेल तर दस्ता लांब, मनगट वळत असेल तर आखूड. वाढत्या वयाच्या मुलाला बट प्लेट (दस्त्याची खांद्याला टेकणारी मागची पट्टी) पुढे-मागे आणि वर-खाली होणारी, गालाची पट्टी उचलता येणारी रायफलच घ्या. बजेटमध्ये कुठेतरी तडजोड करावीच लागणार आहे, पण ती इथे करू नका. गालाची पट्टी योग्य उंचीवर असली की डोळा आपोआप साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या खुणेच्या, मागे येतो. नाहीतर मूल दर नेमाला मान वाकवून डोळा शोधत राहतं, आणि साठ नेमांत साठ वेगळे पवित्रे होतात.

कायद्याचं थोडक्यात

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. त्याहून मोठ्या नळीची किंवा जास्त ताकदीची असेल तर लागतो. स्पर्धेच्या रायफलीचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगानं जातो, म्हणजे ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास. तेव्हा आपल्या खेळाला हा प्रश्न येत नाही. तरीही ओळखपत्र दाखवून, पक्कं बिल घेऊनच खरेदी करा. बिलावर रायफलीचा क्रमांक लिहून घ्या. प्रवासात रायफल कव्हरमध्ये बंद असावी आणि बिलाची प्रत व संघटनेचं ओळखपत्र सोबत.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना बजावून सांगा. पक्षी, खारी, कुत्री यांच्यावर ती रोखायची नाही. त्यांच्यावर छर्रा झाडणं गुन्हा आहे, आणि आमच्या रेंजवर असं करणाऱ्याला परत पाऊल ठेवू देत नाहीत.

पैशाप्रमाणे तीन वाटा

आता मुख्य मुद्दा. बाजारात तीन प्रकारच्या रायफली नवख्यासमोर येतात.

पहिली स्प्रिंगची. नळी खाली वाकवायची, आतली स्प्रिंग दाबली जाते, ट्रिगर ओढला की पिस्टन पुढे धावतो आणि हवा दाबून छर्रा ढकलतो. भारतात बनलेल्या या रायफली दहा-पंधरा हजारांच्या आसपास मिळून जातात. सिलिंडर नको, टाकी नको. छर्रे घेतले की काम सुरू. तालुक्याच्या गावी, जिथे हवा भरायची सोय नाही, तिथे हिचं महत्त्व फार. आपल्याकडच्या जिल्हा आणि राज्य पातळीवर ओपन साइटचा (उघड्या खाचेतून नेम धरायचा) वेगळा गट असतो, त्यात अनेक मुलं हिच्यावरच खेळतात.

अडचण आहे ती पिस्टनच्या धक्क्याची. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल मागे-पुढे उडते. हात थोडा घट्ट धरला, थोडा सैल धरला, की छर्रा वेगळ्या जागी जातो. म्हणून स्प्रिंगच्या रायफलीनं मूल चांगलं मारत नसेल तर चूक मुलाची की रायफलीची, हे लवकर कळत नाही, आणि मूल खचतं. दुसरी अडचण त्याहून मोठी: स्प्रिंगची रायफल रिकामी उडवायची नसते. पुढे छर्रा नसला की हवेची गादी मिळत नाही आणि पिस्टन थेट आपटतो. सील (हवा अडवणारी कडी) आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात. नेमबाजीत तर अर्ध्याहून जास्त सराव रिकाम्या ट्रिगरचाच असतो. घरी भिंतीकडे तोंड करून, छर्ऱ्याविना, फक्त साइट आणि बोट. तो सराव या रायफलीवर करता येत नाही.

घ्यायचीच असेल तर "सेकंदाला हजार फूट" अशी जाहिरात करणारी घेऊ नका. स्प्रिंग जितकी कडक तितका धक्का जास्त आणि मुलाच्या हाताला ताण जास्त. सौम्य स्प्रिंगची, वर ११ मिलिमीटरची खाच असलेली घ्या, म्हणजे पुढेमागे तिच्यावर पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची मागची साइट) बसवता येईल. छर्रा भरताना एक हात नळीवर घट्ट राहू द्या. चुकून ट्रिगर सुटला तर नळी झटक्यात वर येते आणि बोटं तिच्या वाटेतच असतात. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

दुसरी वाट म्हणजे भारतात बनलेली पीसीपी (प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक). हिच्या नळीखालच्या सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेली हवा असते, ट्रिगरसरशी त्यातली मोजकी हवा सुटते. धक्का जवळजवळ नाही. ठाणे जिल्ह्यातली प्रिसिहोल आणि इतर काही भारतीय उत्पादक गेल्या दशकभरात अशा रायफली बनवायला लागलेत, आणि मला याचा मनापासून आनंद आहे. युरोपच्या रायफलीच्या किमतीपुढे सामान्य घरातलं मूल थांबून जायचं, तिथे आता मधली एक पायरी तयार झाली आहे. पण घेताना एक पाहा: ती छंदासाठी बनवलेली पीसीपी आहे की दहा मीटरच्या स्पर्धेसाठी. छंदाच्या रायफलीचा दस्ता शिकारी बंदुकीसारखा असतो, बट प्लेट हलत नाही, ट्रिगर जड असतो. स्पर्धेच्या रायफलीचा ट्रिगर इतका हलका असतो की बोट टेकवलं की जाणवतं, आणि त्याची पहिली ओढ, दुसरी ओढ वेगवेगळी लावता येते. मुलासोबत जाऊन दुकानातच ट्रिगर ओढून पाहा.

तिसरी वाट, आणि माझ्या मते महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरासाठी सगळ्यात शहाणपणाची: वापरलेली युरोपियन स्पर्धा रायफल. फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, आन्शुट्झ, स्टायर ही नावं रेंजवर ऐकाल. नवी घ्यायची तर आकडा दोन लाखांच्या पुढे जातो. पण राज्यपातळीवर पोचलेली मुलं नवी रायफल घेतात तेव्हा जुनी विकतात, आणि या रायफली नीट जपल्या तर वीस-वीस वर्षं नेम सोडत नाहीत. नळी शिशाच्या मऊ छर्ऱ्यानं झिजत नाही म्हटलं तरी चालेल. झिजतात त्या सीला, आणि त्या बदलता येतात.

हवा भरायची सोय नसलेल्या गावातल्यांसाठी जुन्या पिढीतल्या दोन रायफली मला आवर्जून सांगाव्याशा वाटतात. फाइनवेर्कबाऊ ३००एस ही स्प्रिंगची आहे, पण तिची सगळी यंत्रणा दस्त्यावरच्या रुळावर मागे सरकते आणि धक्का खांद्यापर्यंत येतच नाही. फाइनवेर्कबाऊ ६०० मध्ये बाजूचा दांडा एकदा ओढून मिटवला की एका नेमापुरती हवा दाबली जाते. टाकी नाही, सिलिंडर नाही. दांड्याला जोर लागतो, म्हणून लहान मुलांना नाही, पण पंधरा-सोळाच्या पुढच्यांना छान. कुणाच्या कपाटात अशी रायफल पडून असेल तर तिच्याकडे जुनी म्हणून पाहू नका.

जुनी रायफल तपासताना

इथे माझा स्वतःचा अनुभव सांगते. माझी पहिली रायफल मी एका ओळखीच्या माणसाकडून घेतली. दस्ता चकचकीत, साइट उत्तम, नेमही सुरेख. घरी आल्यावर प्रशिक्षकांनी सिलिंडरवरची तारीख वाचली आणि रायफल बाजूला ठेवायला सांगितली. मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती. नवीन सिलिंडरचा खर्च धरला तर माझी "स्वस्त" खरेदी स्वस्त राहिली नव्हती, आणि सिलिंडर मिळेपर्यंत एक अख्खा हंगाम मी पुन्हा क्लबच्या रायफलीवर काढला.

म्हणून तपासणीत पहिलं पाहायचं ते सिलिंडर. त्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते. युरोपियन उत्पादक साधारणपणे दहा वर्षांची मुदत देतात, आणि स्पर्धेच्या नियमात मुदतीतलं सिलिंडर वापरणं ही खेळाडूची जबाबदारी आहे. दोनशे बार दाबाची वस्तू मुलाच्या गालाखाली असते, हे विसरू नका. मुदत संपलेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत वजा करूनच सौदा करा.

मग गळती. सिलिंडर भरून घ्या, गेजवरचा आकडा लिहा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आकडा खाली आला असेल तर कुठेतरी सील गेली आहे. थंडीत थोडा फरक पडतो, तेवढा सोडून द्या. विकणारा रात्रभर ठेवू देत नसेल तर मी तो सौदा करत नाही.

तिसरं, नेम. हातात धरून नव्हे. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून, त्यावर रायफल टेकवून दहा मीटरवर एकाच ठिकाणी पाच छर्रे मारा. स्पर्धेच्या रायफलीनं पाचही छर्रे जवळजवळ एकाच भोकात गेले पाहिजेत, भोकाच्या कडा थोड्या फाटलेल्या एवढंच. स्प्रिंगच्या साध्या रायफलीचे पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले तरी पहिल्या वर्षाला पुरे. भोकं पसरलेली दिसली तर लगेच नाकारू नका. दुसऱ्या डबीतले छर्रे घेऊन पुन्हा मारा. कधी दोष छर्ऱ्याचा असतो.

चौथं, साइटच्या घुंड्या. मागच्या साइटची घुंडी दहा टिचक्या उजवीकडे फिरवा, मारा, दहा टिचक्या डावीकडे परत आणा, मारा. छर्रा पहिल्या जागी परत आला पाहिजे. पुढची माशी, म्हणजे गोल कडी, नीट बसते का आणि वेगवेगळ्या मापांच्या कड्या सोबत आहेत का, तेही विचारा.

पाचवं, कागद. मूळ बिल, क्रमांक जुळणारा, आणि रायफल बाहेरून आयात केलेली असेल तर त्याचे कागद. शंका आली तर जिल्हा संघटनेच्या सचिवांना दाखवा. तिथे एक फोन केल्यानं पुढचे अनेक हेलपाटे वाचतात.

हवा कुठून आणणार?

पीसीपी घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक हा प्रश्न रायफल घरी आल्यावर विचारतात. रेंजवर कॉम्प्रेसर किंवा मोठी टाकी असेल तर तिथेच भरता येईल, आणि एकदा हवा भरली की शंभराहून जास्त नेम सहज होतात. रेंज लांब असेल तर स्कूबासारखी टाकी किंवा हातपंप लागतो. हातपंप स्वस्त पडतो, पण दोनशे बारपर्यंत न्यायला अंगमेहनत आहे आणि दमट हवेत आत पाणी जातं. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हे जास्त. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर असलाच पाहिजे.

सिलिंडरमध्ये फक्त कोरडी हवा. वेल्डिंगवाल्याकडचा किंवा दवाखान्यातला ऑक्सिजन कधीही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले की स्फोट होतो. म्हणूनच हवा भरायच्या तोंडाला साधं तेलही लावायचं नाही. भरताना घाई नको, दाब हळूहळू चढू द्या.

छर्रे, आणि बाकीचा खर्च

छर्रे चपट्या तोंडाचे घ्या. ते कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडतात, त्यामुळे गुण स्पष्ट वाचता येतात. टोकदार छर्रे या खेळात नकोत. स्पर्धेचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो आणि डोक्याचं माप ४.४९ किंवा ४.५० असं डबीवर लिहिलेलं असतं. प्रत्येक नळीला एखादं माप जास्त आवडतं. महागड्या डब्या एकदम दहा आणू नका. दोन-तीन प्रकारच्या एकेक डब्या घ्या, टेबलावरून मारून पाहा, जो सगळ्यात लहान भोक पाडेल तो स्पर्धेसाठी ठरवा. रोजच्या सरावाला साधे छर्रे चालतात. दिवसाला शंभर मारले तर पाचशेची डबी पाच दिवसांत संपते. वर्षाचा हिशोब आधीच कागदावर मांडा. कित्येक घरांत रायफल येते आणि छर्ऱ्यांवाचून पडून राहते.

जॅकेट, पँट, बूट, हातमोजा यांचा खर्च रायफलीइतकाच महत्त्वाचा आहे. कडक कॅनव्हासचं जॅकेट पाठीला आधार देतं आणि हृदयाचे ठोके रायफलीपर्यंत कमी पोचू देतं. त्याची जाडी आणि ताठरपणा स्पर्धेत यंत्रानं मोजतात, एका थराची जाडी अडीच मिलिमीटरपर्यंतच चालते. भारतात मापानं शिवून मिळतात. उंची वाढत असलेल्या मुलासाठी नवं शिवू नका. मोठ्या मुलांचं जुनं घ्या, दोन हंगाम काढा. हातमोजा आणि बूट मात्र पहिल्या सहा महिन्यांतच घ्यावेत. तळवा सपाट आणि घट्ट टेकला की कंबर स्थिर होते, आणि कंबर स्थिर झाली की अर्धं काम झालं.

समजा तुमच्याकडे एकूण साठ हजार आहेत. मी त्यातले सगळे रायफलीवर घालणार नाही. पस्तीस-चाळीस रायफलीला, दहा-बारा जुनं जॅकेट, बूट आणि हातमोज्याला, उरलेले वर्षभराच्या छर्ऱ्यांना आणि रेंजच्या फीला. त्या पैशांत मनासारखी रायफल मिळत नसेल तर क्लबच्या रायफलीवर आणखी सहा महिने खेळा, पण छर्ऱ्यांचे पैसे कमी करू नका. रोज चाळीस नेम मारणारं मूल जुन्या रायफलीनं नव्या रायफलीवाल्याला मागे टाकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शाळेतल्या मुलांसाठी राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीची माहिती काढा. स्वप्नीलही त्याच वाटेनं पुढे आला. निवड झाली तर प्रशिक्षण आणि साहित्य दोन्हीचा भार घरावरून उतरतो.

रायफल घरी आल्यावर

कपाट कुलपाचं, छर्रे वेगळ्या खणात, किल्ली मोठ्यांकडे. रायफल ताणून किंवा छर्रा भरून कधीही ठेवू नका. नळीत रंगीत सेफ्टी दोरी घालून ठेवायची. स्पर्धेत ती सक्तीची आहे, घरी सवय म्हणून. विमानानं जाणार असाल तर सिलिंडर सोडवून पूर्ण रिकामं करा आणि तिकीट काढतानाच एअरलाइनला कळवा.

पहिल्या आठवड्यात छर्रा एकही मारला नाही तरी चालेल. प्रशिक्षकासमोर बट प्लेट, गालाची पट्टी, हाताचा ठोकळा लावून घ्या. प्रत्येक स्क्रूच्या जागी पांढऱ्या पेन्सिलनं बारीक खूण करा आणि सगळी मापं वहीत लिहा: बट प्लेट किती मिलिमीटर बाहेर, पट्टी कितव्या खुणेवर, साइट किती टिचक्यांवर. रायफल प्रवासात हलली, कुणी सहज हात लावला, की परत त्याच जागी आणायला ती वही लागते. त्यानंतर दोन हजार छर्रे होईपर्यंत काहीही हलवू नका. गुण कमी आले की पट्टी वर करावीशी वाटते, बट प्लेट खाली करावीशी वाटते. तेव्हा वही उघडा, तारीख घाला, "आज दहा नेमांत ८६, हात थकला होता" असं लिहा, आणि उद्या त्याच मापावर पुन्हा उभे राहा.